लेहच्या उंचीवर कोंबडीपालन: प्रोबायोटिक कधी, कोणतं आणि किती

लेह समुद्रसपाटीपासून साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब सपाटीवरच्या दाबाच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. हवेतला प्राणवायू तेवढाच, २१ टक्के. पण दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी हाती लागतो. माणूस पहिले दोन दिवस पडून राहतो, हळूहळू सरावतो. ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबडीच्या, पिल्लाला ही उसंत मिळत नाही. झपाट्याने वजन वाढावं यासाठीच त्याची पैदास झालेली आहे, आणि वाढीला प्राणवायू लागतो. थंडीत अंग ऊबदार ठेवायलाही तोच लागतो.

त्यातून जो आजार होतो त्याला पशुवैद्यक जलोदर म्हणतात, पोल्ट्रीवाले ‘पोटात पाणी झालं’ म्हणतात. कोंबडीचं फुफ्फुस लहान आणि ताठर असतं, आपल्यासारखं फुगत नाही. प्राणवायू कमी पडला की रक्त दाट होतं, फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो, हृदयाची उजवी बाजू ताणून सैल पडते आणि शेवटी पोटात पिवळसर पाणी साठतं.

हे आधी सांगण्याचं कारण असं की प्रोबायोटिक (आतड्याला उपयोगी पडणारे जिवंत सूक्ष्मजीव) दिलं म्हणजे पक्षी उंची सोसेल, या समजुतीने अनेक जण सुरुवात करतात. प्रोबायोटिक प्राणवायू देत नाही. ते आतडं सांभाळतं, आणि त्यातून काही प्रमाणात शेडमधली गादी, म्हणजे जमिनीवर पसरलेला भुसा. उंचावर या दोन्ही गोष्टींना मोल आहे, पण ऊब, हवा आणि वाढीचा वेग या तिन्हींची घडी बसल्यावरच. म्हणून हा लेख प्रोबायोटिकबद्दल असला तरी पुडी उघडण्याआधी काय करायचं यावरही बरंच लिहिलं आहे. शंभर-दोनशे पक्ष्यांचं छोटं पालन डोळ्यांसमोर ठेवलं आहे. लेहमधली डीआरडीओची ‘डिहार’ ही संस्था उंचावरच्या पशुपालनावर आणि कुक्कुटपालनावर काम करते. लडाखमध्ये सुरुवात करणाऱ्याने तिथे आणि कृषी विज्ञान केंद्रात एकदा जाऊन यावं.

पहिली पायरी: पक्षी आणि हंगाम ठरवा

पहिली बॅच मे-जूनमध्ये टाका. रस्ते खुले असतात, खाद्य ताजं मिळतं, दिवसा ऊन असतं आणि रात्रीची थंडी आवाक्यात असते. जानेवारीत पारा उणे वीसकडे झुकतो, तेव्हा अनुभवी माणसाचाही कस लागतो.

पक्षी निवडताना भराभर वाढणाऱ्या ब्रॉयलरपेक्षा संथ वाढणारे पक्षी सोपे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेला वनराजा हे त्याचं ओळखीचं उदाहरण. तिबेटी कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या उंचावर राहून तिथल्या हवेला जुळल्या आहेत. त्यांची अंडी उंचावर सपाटीवरच्या जातींपेक्षा चांगली उबतात. आपल्याकडे येणारी पिल्लं मात्र बहुतेक सपाटीवरच्या हॅचरीतली, म्हणजे त्यांच्यासाठी सगळंच नवं.

ब्रॉयलरच करायचे असतील तर त्यांची वाढ मुद्दाम थोडी रोखावी लागते. गोळी खाद्याऐवजी भरड खाद्य द्या, म्हणजे पक्षी सावकाश खातात. दुसऱ्या आठवड्यात खाद्य थोडं मोजून द्या. पहिला आठवडा सरला की रात्री पाच-सहा तास पूर्ण अंधार ठेवा. शेवटी वजन थोडं कमी भरेल, पण मरतूक घटली तर हिशोब जुळतो. मिठाकडेही लक्ष द्या. जास्त सोडियमने जलोदर वाढतो, म्हणून घरातला उरलेला खारा चहा किंवा खारट उष्टं पक्ष्यांना घालू नका.

दुसरी पायरी: शेडमधली ऊब आणि हवा

नवशिक्याची सगळ्यात मोठी ओढाताण इथे होते. थंडी आत येऊ नये म्हणून तो प्रत्येक फट बुजवतो, आत बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटवतो आणि शेड उबदार झालं म्हणून समाधान मानतो. पण त्याच वेळी आत ओल, धूर आणि अमोनिया साठत असतो. आधीच प्राणवायू कमी, त्यात फुफ्फुसाला जाळणारी हवा. जलोदराचे कितीतरी पक्षी उंचीपेक्षा या कोंडलेल्या हवेने जातात.

शेड दक्षिणमुखी असावं, पुढच्या बाजूला काच किंवा जाड पॉलिथिन. लडाखचं ऊन कडक असतं आणि बहुतेक दिवस मिळतं. ते फुकटचं इंधन वाया घालवू नका. मागची भिंत जाड मातीची असेल तर दिवसाची ऊब रात्री परत देते. बुखारीचं धुराडं शेडबाहेर गेलंच पाहिजे. धुराडं नसलेली रॉकेलची किंवा कोळशाची शेगडी आत ठेवली तर ती पक्ष्यांच्या वाट्याचा प्राणवायू खाते आणि विषारी वायू सोडते. छताजवळ, पक्ष्यांच्या डोक्याच्या बरंच वर, एक झडप ठेवा आणि दुपारच्या उन्हात ती उघडा. थंड झोत थेट पिल्लांवर येता कामा नये, एवढीच अट.

पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली (पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाखाली) ३३ ते ३५ अंश तापमान ठेवा आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवा. पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच ब्रूडर सुरू करा, कारण हवा तापली तरी गादी थंडच असते आणि पिल्लू तर गादीवर बसतं. मापकापेक्षा पिल्लांकडे बघा. एकावर एक चढून गोळा झाली तर गारठली आहेत. ब्रूडरपासून लांब पळून चोच उघडी ठेवून बसली तर उकडतंय.

अमोनियासाठी नाक हे पहिलं यंत्र आहे, पण ते दहा मिनिटांत सरावतं. म्हणून सकाळी शेडमध्ये पाऊल टाकल्याच्या पहिल्या क्षणाचा वास खरा धरा. डोळे चुरचुरले तर प्रमाण बरंच वर गेलेलं आहे. २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) ही त्याची मर्यादा मानतात. अशा वेळी ओल्या गादीवर चुना टाकायची आपल्याकडची सवय बंद शेडमध्ये अंगाशी येते. चुन्याने गादीचा सामू (पीएच) वाढतो आणि अडकलेला अमोनिया उलट मोकळा होतो. त्यापेक्षा ओला थर काढून टाका, कोरडा भुसा पसरा, गादी खालवर करा आणि झडप उघडा.

तिसरी पायरी: प्रोबायोटिकचं काम समजून घ्या

प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने दिल्यावर पक्ष्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. या व्याख्येतले ‘जिवंत’ आणि ‘पुरेशा संख्येने’ हे दोन शब्द पकडून ठेवा. पुढच्या सगळ्या सूचना त्यांच्यासाठीच आहेत.

१९७३ साली फिनलंडमध्ये नुर्मी आणि रंतला या संशोधकांनी दाखवलं की प्रौढ कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना दिले तर साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू त्यांच्या आतड्यात सहज ठाण मांडू शकत नाही. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसं हे आहे: चांगले जिवाणू आधी बसले की वाईटांना जागा उरत नाही. हॅचरीतल्या पिल्लाला आईचा सहवास मिळत नाही, त्यामुळे आईच्या विष्ठेतून, पिसांतून मिळणारे जिवाणूही मिळत नाहीत. त्याचं आतडं जवळजवळ कोरं असतं. त्यात ते खोक्यात बसून विमानाने किंवा घाटरस्त्याने, उपाशी आणि गारठलेलं लेहला पोहोचतं. अशा पिल्लाच्या आतड्यात पहिल्यांदा कोण शिरतं याला फार महत्त्व आहे. माझ्या मते उंचावर प्रोबायोटिकवर खर्च करायचं हे सगळ्यात सबळ कारण.

दुसरं कारण गादीचं. आतड्यातले लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू तिथला सामू खाली आणतात, पचन सुधारतं, विष्ठा घट्ट होते आणि न पचलेली प्रथिनं कमी बाहेर पडतात. गादी कोरडी राहिली तर अमोनिया कमी. हिवाळ्यात झडप थोडाच वेळ उघडता येते, तेव्हा हा फरक उपयोगी पडतो. पण प्रयोगांमध्ये याचे निकाल सगळीकडे सारखे आलेले नाहीत. जिथे ताण जास्त तिथे फायदा जास्त दिसतो, आणि स्वच्छ, निवांत पालनात कधी काहीच दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं मिसळण्यावर १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी घातली. भारताने २०१९ मध्ये प्राण्यांच्या खाद्यातून कोलिस्टिन हे प्रतिजैविक हद्दपार केलं. छोट्या पालनात ‘थंडीचं औषध’ म्हणून प्रतिजैविकाची पुडी रोज पाण्यात टाकण्याची पद्धत अजून दिसते. ती सोडायची असेल तर आतडं सांभाळायला काहीतरी हवं, आणि तिथे प्रोबायोटिकची खरी जागा आहे.

चौथी पायरी: योग्य पुडी निवडा

दुकानात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस, एन्टेरोकॉकस हे लॅक्टिक आम्ल करणारे. बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस, बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स हे बीजाणू करणारे. आणि सॅकरोमायसेस हे यीस्ट. बीजाणू म्हणजे कठीण कवचातलं जिवाणूचं झोपी गेलेलं रूप. त्यामुळे बॅसिलस गोळी खाद्य तयार होतानाच्या उष्णतेत तगतो आणि महिनोन्‌महिने साठवला तरी टिकतो. लॅक्टोबॅसिलसला उष्णता आणि ओल दोन्ही बाधतात.

लडाखमध्ये हा फरक निर्णायक ठरतो. हिवाळ्याचं खाद्य बहुतेक जण ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरून ठेवतात आणि ते मार्च-एप्रिलपर्यंत पुरवतात. इतके महिने खाद्यात मिसळून ठेवलेला लॅक्टोबॅसिलस बराचसा मरून जातो. म्हणून साठवणीच्या खाद्यात बॅसिलस, आणि पिल्लांच्या पहिल्या दिवसांत पाण्यातून देण्यासाठी लॅक्टोबॅसिलसची वेगळी छोटी पुडी, अशी जोडी मी सुचवेन.

पाकिटावर चार गोष्टी शोधा: जिवाणूचं पूर्ण नाव, दर ग्रॅममध्ये सीएफयू किती, ही संख्या मुदत संपेपर्यंतची आहे की तयार झाल्या दिवशीची, आणि साठवणीचं तापमान. सीएफयू म्हणजे वाढू शकणाऱ्या जिवंत जिवाणूंची गणती. नुसतं ‘उपयुक्त जिवाणूंचं मिश्रण’ लिहिलेलं पाकीट घेऊ नका.

उंचावर एक गोष्ट नवख्याला चकवते. सपाटीवर बंद केलेलं प्रत्येक हवाबंद पाकीट लेहला पोहोचेपर्यंत फुगतं, कारण बाहेरचा दाब कमी झालेला असतो. कोरड्या पावडरचं पाकीट टम्म फुगलं म्हणून ते खराब झालं असं नाही. शिवण उसवली आहे का तेवढं पाहा. द्रवरूप बाटली मात्र फुगलेली किंवा गळत असेल तर परत करा, कारण तिथे दाबाने फुगली की आत आंबून फुगली हे कळायला मार्ग नाही. या कारणासाठी द्रवापेक्षा पावडर बरी.

कोरड्या पावडरला थंडी बाधत नाही, ओल बाधते. गारठलेल्या खोलीतलं पाकीट थेट उबदार शेडमध्ये आणून उघडलं तर आत दव धरतं. आणल्यावर ते तासभर बंदच ठेवा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. उघडलेली पुडी घट्ट झाकणाच्या बरणीत, उन्हापासून दूर.

पाचवी पायरी: पहिले तीन दिवस पाण्यातून

पिल्लं उतरवताच आधी पाणी, मग खाद्य. पाणी कोमट आणि थोडं गुळाचं किंवा ग्लुकोजचं; दोन-चार पिल्लांची चोच हलकेच पाण्यात बुडवा, बाकीची बघून शिकतात. पाणी पिऊन ती सावरली की दोन-तीन तासांनी प्रोबायोटिकचं पाणी द्या, पाकिटावरच्या मात्रेने.

पाणी हाताला कोमट लागेल इतकंच असावं. बर्फ होऊ नये म्हणून उकळतं पाणी ओतून त्यातच पुडी टाकली तर जिवाणू तिथेच मेले. लेहमध्ये पाणी ९० अंशांच्या आतच उकळतं, पण लॅक्टोबॅसिलसला मारायला तेवढं पुरून उरतं. पाणी क्लोरीनचं असेल तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवलेलं वापरा, किंवा लस देताना करतात तसं लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घालून थोडा वेळ थांबा. ड्रिंकर जंतुनाशकाने धुतला असेल तर साध्या पाण्याने दोनदा विसळा. चार तासांत संपेल इतकंच पाणी भरा. उरलेलं ओतून द्या. थंडीत ड्रिंकर गोठतो, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं कोमट पाणी देण्याची सवय लावून घ्या. पाणी कमी प्यालेलं पिल्लू खाद्यही कमी खातं.

सहावी पायरी: पुढे खाद्यातून

बहुतेक उत्पादनांची मात्रा अशी ठरवलेली असते की एका ग्रॅम खाद्यात किमान दहा लाख जिवंत जिवाणू पडावेत. हा हिशोब घरी पडताळता येतो. समजा पुडीच्या एका ग्रॅममध्ये २०० कोटी सीएफयू आहेत आणि मात्रा टनाला ५०० ग्रॅम लिहिली आहे. ५०० ग्रॅममध्ये एक लाख कोटी जिवाणू झाले. टन म्हणजे दहा लाख ग्रॅम. भागाकार केला की ग्रॅमला दहा लाख. लेबलवर दहाच्या डोक्यावर ९ लिहिलेला असतो त्याचा अर्थ शंभर कोटी. एवढं कळलं की स्वस्त पुडी खरंच स्वस्त आहे की तिच्यात जिवाणूच कमी आहेत हे दोन मिनिटांत समजतं.

टनाला ५०० ग्रॅम म्हणजे ५० किलोच्या पोत्याला २५ ग्रॅम. शंभर ब्रॉयलर पिल्लं पहिल्या दोन आठवड्यांत साधारण एवढंच खातात. २५ ग्रॅम पावडर थेट पोत्यात टाकून फावड्याने हलवली तर काही पिल्लांना भरपूर आणि बाकीच्यांना काहीच मिळणार नाही. आधी ती अर्धा किलो भरड खाद्यात कालवा, मग ते पाच किलोत, मग सगळ्या पोत्यात. लॅक्टोबॅसिलस असेल तर आठवड्याला पुरेल इतकंच मिसळा. बॅसिलस असेल तर अख्खं पोतं मिसळून ठेवायला हरकत नाही.

पक्षी विक्रीला जाईपर्यंत देत राहायचं का? पैसे मोजके असतील तर पहिले दोन आठवडे, खाद्य बदलताना (स्टार्टर म्हणजे पिल्लांच्या खाद्यावरून फिनिशर म्हणजे विक्रीआधीच्या खाद्यावर जाताना) चार-पाच दिवस, आणि कडाक्याच्या थंडीच्या लाटेत, एवढं पुरे. अंड्यांच्या पक्ष्यांना तलंगा (तरुण माद्या) अंड्यावर येताना आठवडाभर द्या.

काय काय एकत्र देऊ नये

प्रतिजैविक चालू असताना लॅक्टोबॅसिलस देणं म्हणजे पैसे पाण्यात. पशुवैद्यकाने सांगितलेला कोर्स पूर्ण करा, दुसऱ्या दिवसापासून पाच-सात दिवस प्रोबायोटिक द्या. पाण्यात टाकायची सेंद्रिय आम्लं आणि मोरचूद यांच्याबरोबरही ते मिसळू नका. खाद्यात कॉक्सिडिओसिसचं (आतड्यातल्या परजीवीने होणारा आजार) औषध आधीच असेल तर उत्पादकाला विचारा, कारण त्यातली काही औषधं चांगल्या जिवाणूंनाही दाबतात. बॅसिलस त्यातल्या त्यात तग धरतो.

ताक चालेल का, हे आपल्याकडचा प्रत्येक जण विचारतो. परसातल्या दहा-वीस कोंबड्यांना थोडं आंबट ताक भरड्यात कालवून दिलं तर बिघडत नाही. त्यातलं लॅक्टिक आम्ल उपयोगी असतं. पण दह्यातले जिवाणू कोंबडीच्या आतड्यासाठी निवडलेले नसतात, आणि दुधातली साखर कोंबडीला नीट पचत नाही, त्यामुळे जास्त झालं की पातळ हगवण आणि ओली गादी, म्हणजे नेमकं जे टाळायचं तेच. छांग (सातूची स्थानिक दारू) गाळून उरलेल्या सातूच्या चोथ्याचंही तसंच. ओला चोथा दोन दिवसांत बुरशी धरतो. बुरशी आलेलं काहीही कोंबड्यांपुढे नको.

सातवी पायरी: खरंच फरक पडतोय का, हे मोजा

शेडमध्ये जाळी लावून दोन भाग करा. दोन्हीकडे सारखीच पिल्लं, तेच खाद्य, तीच ऊब. एका भागात प्रोबायोटिक, दुसऱ्यात नाही. ड्रिंकर वेगळे ठेवा, आणि कामाला जाताना आधी प्रोबायोटिक नसलेल्या भागात जा. वहीत रोजची मरतूक, आठवड्याला दहा-दहा पक्ष्यांचं वजन, खाल्लेलं खाद्य आणि सकाळचा वास कसा होता हे लिहा. एकूण खाद्याला एकूण वजनवाढीने भागलं की एफसीआर मिळतो. तो जितका कमी तितकं बरं. एका बॅचवरून निकाल लावू नका, दोन-तीन बॅचचं बघा.

मेलेला प्रत्येक पक्षी उघडून पाहा, किंवा पशुवैद्यकाकडून पाहून घ्या. पोटात पिवळं पाणी आणि जेलीसारख्या गाठी, हृदय उजवीकडे फुगून लुळं पडलेलं, असं दिसलं तर तो जलोदर. जिवंतपणी तुरा निळसर, पोट पाण्याच्या पिशवीसारखं, चालताना धाप. अशा पक्ष्याला प्रोबायोटिक वाढवून उपयोग नाही. त्या दिवशी झडप किती वेळ उघडली होती, रात्री तापमान किती उतरलं आणि खाद्यात मीठ किती आहे हे तपासा, आणि उरलेल्या पक्ष्यांचं खाद्य दोन दिवस थोडं कमी करा. याउलट आतडी फुगलेली, विष्ठा पाण्यासारखी किंवा रक्ताची, बुड चिकटलेलं असं आढळलं तर दुखणं आतड्याचं आहे. रक्त दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा, कॉक्सिडिओसिसला औषध लागतं. ते संपल्यावर मग प्रोबायोटिक सुरू करा.